गिलाव्याआधीचं घर



स्मृतिव्याख्यानात बहुधा संतवाङ्मय, इतिहास, नाहीतर देशाचं अर्थकारण यांवर बोललं जातं. मी आज दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटवर बोलणार आहे. विषय लहान वाटेल. पण ज्या भिंतींसाठी माणूस वीस-वीस वर्षं कर्जाचे हप्ते फेडतो, त्या भिंतींवर चार माणसांत विचार करायला काय हरकत आहे? एका साडीसाठी दहा दुकानं हिंडणारी कुटुंबं घराच्या आतल्या कामाचा निर्णय मोबाइलवरच्या एका चित्रावर घेतात. घरं बांधण्याच्या व्यवसायात मी हे सतत पाहतो, आणि मला त्याची काळजी वाटते.

ते चित्र आता सगळ्यांच्या ओळखीचं झालंय. राखाडी भिंत, एका बाजूला उघड्या विटा, छताखालून गेलेले काळे पाइप, तारेला लोंबणारा पिवळा दिवा, लोखंडी पायांचं टेबल, आणि बाकी खोली जवळजवळ रिकामी. मुलगा-सून म्हणतात, "आम्हाला इंडस्ट्रियल हवं, मिनिमल हवं." वडील म्हणतात, "अरे, पैसे मोजून अर्धवट घर घ्यायचं का? छपाई तरी पुरती करून घे!" मला दोघांचंही म्हणणं पटतं. मुलांना दिखाऊपणाचा कंटाळा आलाय, तो खरा आहे. वडिलांनी उघड्या विटा पैसे संपल्यावर राहिलेल्या पाहिल्यात, तेही खरं आहे. या दोघांच्या मध्ये उभं राहून मला एकच गोष्ट सांगायची आहे. ही शैली आपल्या घरात जरूर यावी, पण एका अटीवर: जे उघडं दिसेल ते खरोखर भार उचलणारं, खरोखर काम करणारं असलं पाहिजे.

आधी ही शैली आली कुठून ते पाहू. न्यूयॉर्कच्या सोहो भागात एकोणिसाव्या शतकात ओतीव लोखंडाच्या खांबांवर कारखाने आणि गोदामं उभी राहिली. विजेचे दिवे यायच्या आधीचा काळ, म्हणून खिडक्या प्रचंड. यंत्रं आणि मालाच्या थप्प्या मावाव्यात म्हणून छतं उंच. विसाव्या शतकाच्या मध्यावर उद्योग तिथून हलले, मजले ओस पडले, भाडी उतरली. मग चित्रकार-शिल्पकार तिथे शिरले, बरेचसे कायदा मोडूनच, कारण त्या जागा राहण्यासाठी नव्हत्या. डोनल्ड जड या शिल्पकाराने १९६८ साली स्प्रिंग स्ट्रीटवरची १८७० सालची पाच मजली इमारत विकत घेतली आणि मजले मोकळेच ठेवले. १९७१ साली शहराने कलावंतांना तिथे राहण्याची परवानगी दिली. १९८२ साली न्यूयॉर्क राज्याने अशा गाळ्यांत राहणाऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. त्या कलावंतांनी पाइप उघडे ठेवले ते झाकायला पैसे नव्हते म्हणून, आणि जागा मोठी होती म्हणून. पुढे तीच गरिबी श्रीमंतांची आवड झाली.

१९८२ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपाचा रीतसर शेवट कधी झालाच नाही. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून आलेला तो मराठी कामगार दहा बाय बाराच्या खोलीत राहत होता आणि गिरणीच्या उंच छताखाली पाळी करत होता. आज लोअर परळला जा. फिनिक्स, कमला, मथुरादास, तोडी या गिरण्यांच्या आवारांत मॉल आहेत, कचेऱ्या आहेत, उपाहारगृहं आहेत. काही ठिकाणी जुन्या विटा आणि लोखंडी कैच्या मुद्दाम जपल्यात, त्यांच्यावर दिवे सोडलेत. ज्या छताखाली एका पिढीचा रोजगार गेला, ते छत दुसऱ्या पिढीच्या जेवणाची शोभा झालं. यात कोणाला दोष देऊन मी पुढे जाणार नाही. पण या शैलीचा उगम बंद पडलेल्या कारखान्यात आहे, तिथल्या निघून गेलेल्या माणसांत आहे, हे तिची नक्कल करणाऱ्याला ठाऊक असावं.

आता आपल्या बालाघाट जिल्ह्याकडे येऊ. इथे मला थोडं रेंगाळायचं आहे.

आपल्याकडे उद्योग ओस पडलेला नाही. भरवेलीच्या खाणीत आजही माणसं पाळीपाळीने जमिनीखाली उतरतात. उकवा, तिरोडी इथे आजही मँगनीज निघतं. १८९६ साली ब्रिटिशांनी मध्य प्रांतात सुरू केलेल्या कंपनीतून पुढे १९६२ साली मॉइल ही खाणकंपनी उभी राहिली. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या तीन जिल्ह्यांतल्या तिच्या खाणींतून देशातलं जवळपास निम्मं मँगनीज येतं. आपल्या तिरोडीचं नाव तर एका खनिजाला दिलं गेलं, टिरोडाइट. आणि या काळ्या दगडाचं पुढे काय होतं? त्यातला बहुतेक भाग पोलादात जातो.

कशासाठी? वितळलेल्या लोखंडात थोडं गंधक राहतंच. ते लोखंडाशी जोडलं गेलं, तर लाल तापलेली सळई रुळांमधून दाबताना आतून फाटते. मँगनीज त्या गंधकाला स्वतःकडे ओढून घेतं, जादा प्राणवायूही काढून टाकतं आणि पोलाद चिवट करतं. आपल्या बांधकामातल्या शंभर किलो सळईत साधारण अर्धा ते दीड किलो मँगनीज असतं. आता हिशेब करा. हजार चौरस फुटांच्या फ्लॅटला, खांब, तुळया, स्लॅब सगळं धरून, साधारण चार टन सळई लागते. म्हणजे तुमच्या घराच्या हाडांमध्ये वीस ते साठ किलो मँगनीज आहे. ते इथलंच असेल असं नव्हे. पण या देशातलं कुठलंही काँक्रीटचं घर बालाघाटच्या मातीशी नातं सांगू शकतं, हे मी जबाबदारीने म्हणतो.

भिंतीतल्या वायरीचंही तसंच. बैहर भागातलं मलाजखंड घ्या, अनेक वर्षं देशातली सर्वांत मोठी खुली तांब्याची खाण म्हणून ओळखलेलं. हिंदुस्तान कॉपर कंपनीचा तो प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला १९८२ साली! न्यूयॉर्कचा कायदा, मुंबईचा संप आणि आपली तांब्याची खाण, तिन्ही एकाच वर्षातली. तिथलं तांब्याचं खनिज भुकटी होऊन जिल्ह्याबाहेर जातं आणि वायरीच्या गुंडाळ्या होऊन बाजारात परत येतं. मग मला सांगा, पोलादाचं आणि तांब्याचं सौंदर्य काय असतं हे आपण परदेशी चित्रांवरून शिकायचं का? ज्या घरातला एखादा आजोबा खाणीत हजेरीवर होता, त्या घरात लोखंडी तुळई उघडी ठेवली तर तिला अर्थ आहे. तिथे ती शोभेची वस्तू राहत नाही, घरच्या इतिहासाचा भाग होते.

पण उघडं ठेवायचं म्हणजे काय करायचं? इथे मला एका मराठी माणसाचं नाव घ्यायचंय, जे आपल्या घराघरांत पोचायला हवं होतं आणि पोचलं नाही. वास्तुकार अच्युत कानविंदे. जन्म १९१६, गाव मालवणजवळचं आचरे. मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकले, मग हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकून आले. कानपूरच्या आय.आय.टी.चं संकुल त्यांचं आहे. काँक्रीटचा सांगाडा उघडा, त्यातली विटांची भरण उघडी, आणि उन्हातान्हात चालणाऱ्या मुलांसाठी सावलीतून जाणारे मार्ग. मेहसाण्याची दूधसागर डेअरीही त्यांचीच. ती तर खराखुरा कारखाना. दूध तापवताना उष्णता होते, ती वर निघून जायला हवी. म्हणून त्यांनी हवेचे उंच मनोरे छतावर काढले आणि त्या मनोऱ्यांनीच इमारतीला रूप दिलं. वरून काही चिकटवलं नाही. यंत्राची गरज आणि हवेची गरज हेच तिचं अलंकरण. औद्योगिक शैली शिकायची असेल तर मी आपल्या तरुण मंडळींना कानविंद्यांकडे पाठवीन.

आणि बाजारात काय विकलं जातंय? विटांचं चित्र छापलेला कागद. काँक्रीटसारखा दिसणारा रंग, जो खऱ्या काँक्रीटवर गिलावा आणि पुट्टी चढवून मग त्यावर लावतात. म्हणजे खरं काँक्रीट झाकायचं आणि त्यावर काँक्रीटचं सोंग रंगवायचं, दोन्हीचे पैसे द्यायचे! पोकळ प्लास्टिकचे पाइप काळे रंगवून भिंतीवर ठोकतात, ज्यांतून ना पाणी जातं ना वायर. हे खोटं आहे आणि ते घरात नसावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच्या उलट टोकाचाही एक धोका आहे, तो जास्त गंभीर आहे, म्हणून जरा लक्ष द्या. काही जण तयार फ्लॅटचा गिलावा फोडून "खरं काँक्रीट" काढायला निघतात. स्लॅबच्या सळईवर काँक्रीटचं आवरण असतं किती? वीस मिलिमीटरच्या आसपास. बोटाच्या पेराएवढं. छिन्नी-हातोडीने ते खरवडलं की दमट हवा सळईपर्यंत पोचते, सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, तो फुगून उरलेलं काँक्रीट आतून ढकलतो आणि पावसाळ्या-पावसाळ्यांनी खपल्या पडायला लागतात. खांब, तुळई, स्लॅब यांना छिन्नी लावायची नाही. काँक्रीट उघडं ठेवायचंच असेल तर ते स्लॅब ओतण्याआधी ठरवावं लागतं, सेंट्रिंगच्या फळ्या त्या तयारीने लावाव्या लागतात. विटांचंही तेच. आजच्या फ्लॅटच्या भिंती बहुधा राखेच्या विटांच्या नाहीतर हलक्या ठोकळ्यांच्या असतात. गिलावा काढून आत लाल वीट सापडणारच नाही. राखेची करडी वीट नीट सांधे भरून तशीच ठेवली तर ती देखणी दिसते, पण तो निर्णयही गवंडी कामावर असतानाच व्हायला हवा.

इथपर्यंत एवढंच मांडलं: ही शैली ओस कारखान्यांतून आली, तिचं पोलाद आणि तांबं आपल्या ओळखीचं आहे, आणि तिचा जीव खरेपणात आहे. आता उरतात दोन गोष्टी, आपलं हवामान आणि आपलं कुटुंब. चित्रांत या दोन्ही नसतात.

हवामानाचं आधी. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे जातो. काँक्रीट दिवसभर उष्णता पितं आणि रात्री खोलीत सोडतं. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे सांगायला नको, रात्री दोन वाजताही पंखा गरम वारा टाकतो. तिथे स्लॅब खालून उघडी ठेवायची असेल तर वरून ती झाकली पाहिजे: गच्चीवर जलरोधक थर, त्यावर चुन्याचा पांढरा हात किंवा पांढऱ्या फरशीचे तुकडे. ही तयारी नसेल तर खोट्या छताची पोकळी परवडली, निदान मध्ये हवेचा थर तरी राहतो. मधल्या मजल्यांवर ही अडचण नाही. तिथे खोटं छत काढलं की दहा फुटांच्या खोलीला सहा-आठ इंच उंची परत मिळते आणि पंख्याला वारा घ्यायला जागा होते. तिथे मी उघड्या छताच्या बाजूने आहे. मात्र ते काळं रंगवू नका. आपण उन्हाळ्याच्या दुपारी खिडक्या लावून घेतो; काळं छत उरलासुरला उजेडही खाऊन टाकतं. सोहोच्या त्या खिडक्या आपल्याकडे नाहीत.

जमिनीसाठी तर बाहेर शोधायलाच नको. आपल्या जुन्या घरांतला कोबा आठवा. गुळगुळीत, गार, सांध्यांशिवाय. काही घरांत लाल, काही घरांत सिमेंटच्या रंगाचा. आज मोठ्या शहरांत हाच "पॉलिश्ड सिमेंट फ्लोअर" म्हणून महाग विकला जातो. तो तडकतो अशी तक्रार असते. मोठ्या खोलीत पट्ट्या टाकून चौकोन पाडले आणि ओतल्यावर भरपूर पाणी मारलं, आपल्याकडे ज्याला तराई म्हणतात ती घाई न करता केली, तर तडे आवरतात. ही कला असलेले जुने मिस्त्री अजून गावांत आहेत, त्यांना काम द्या. लोखंडाच्या कामाला आधी लाल प्रायमर, मग रंग. पावसाळ्यात कोरं लोखंड आठ दिवसांत रडायला लागतं. उघड्या वायरिंगसाठी धातूची नळी वापरली तर तिला अर्थिंग पाहिजेच पाहिजे, आणि मुख्य पेटीत गळती ओळखून वीज तोडणारा स्विच पाहिजे. घरात रांगतं मूल असेल तर यात काटकसर नको. उघड्या पाइपाचा एक मोठा फायदा मात्र मान्य करू या. गळती दिसते. भिंतीत गाडलेला पाइप वर्षभर झिरपतो आणि शेजारच्या खोलीचा रंग फुगल्यावर कळतो.

आता कुटुंब.

त्या चित्रांत माणसंच नसतात. आणि आपल्या घरात? आजी आहे, जिला खाली बसवत नाही. दहावीची मुलगी आहे, जिला शांतता हवी. शेताहून येणाऱ्या वर्षाच्या तांदळाची पोती आहेत. हा बालाघाट आहे, इथल्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालंय! मिनिमल घरात ही पोती कुठे जायची? लोणच्याच्या बरण्या, गाद्या, लग्नाची भांडी, उन्हाळ्याचा कूलर? ज्या आराखड्यात याचं उत्तर नाही तो आराखडा चांगला नाही, तो अपुरा आहे. घर रिकामं दिसावं म्हणून आजीचा पेटारा भंगारात घातला तर ती साधी राहणी झाली का?

साधेपणाचा धडा हवा असेल तर सेवाग्रामला जा. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू, आसपास मिळेल तेच. बापू कुटीत वस्तू मोजक्या, आणि प्रत्येक वस्तूला जागा नेमलेली. पण त्याच मातीच्या भिंतीवर त्यांच्या शिष्या मीराबेननी मातीनेच उठावाची ताडाची झाडं काढली आहेत, चरखा काढला आहे. इतक्या कमीत राहणाऱ्या माणसाच्या खोलीत झाडाच्या चित्राला जागा होती. कमी वस्तूंचं घर कोरडं असावं लागत नाही, हे मला तिथे दिसतं.

आणि आपल्या स्वयंपाकघरातली स्टीलची मांडणी? ताटं उभी, वाट्या ओळीत, पेले उपडे, सगळं उघडं, सगळं हाताशी, धुतल्यावरचं पाणी आपोआप निथळणारं. कारखान्याच्या रॅकचं तत्त्व आपल्या आया-आज्यांनी कधीच घरात आणलं होतं. मॉड्युलर किचनच्या नावाखाली आपण ती काढून टाकली. ती परत लावा; औद्योगिक शैलीतलं तिच्याइतकं चोख दुसरं काही मला ठाऊक नाही. दिवाणखान्यात बंगई टांगायची असेल तर तिची कडी स्लॅबमध्ये आधीच बसवून घ्या, आणि ती कडी, ती साखळी दिसू द्या. पोत्यांसाठी जमिनीपासून वीतभर उंच, हवा खेळणारा लोखंडी मंच करा. दरवाजा लावलात तरी चालेल, सगळंच उघडं असावं असा नियम नाही. झोपायच्या खोलीला भिंत असू द्या. सोहोच्या कलावंताला कामासाठी मोकळी जागा हवी होती, आपल्याला तीन पिढ्यांनी राहायचंय.

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात: आवाज. उघडं काँक्रीट, कोबा, काच, लोखंड, या सगळ्यांवरून आवाज उसळतो. कुकरची शिट्टी, टीव्ही, मुलांचं भांडण एकमेकांत मिसळतं आणि कमी ऐकू येणाऱ्या वृद्धाला काहीच समजेनासं होतं. त्यावर इलाज आहे कापड. आणि कापड आपल्याकडे आहे! वारासिवनीच्या हातमागाच्या साडीला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मागावरचे जाड सुती पडदे, खाली सतरंजी, भिंतीवर एखादा ताणून लावलेला साडीचा पदर. राखाडी खोलीत तो रंग जसा उठून दिसतो, तसा रंगीबेरंगी खोलीत दिसत नाही. विणकराला काम मिळेल, आजीला बोलणं ऐकू येईल.

श्रोतेहो, शेवटी एक विनंती करतो. जगातलं प्रत्येक काँक्रीटचं घर काही आठवडे औद्योगिक शैलीतलंच असतं. स्लॅब पडलेली, भिंती उभ्या, पाइप आणि वायरच्या नळ्या टाकलेल्या, गिलावा बाकी. आपण बहुतेक जण भूमिपूजनाला जातो आणि मग थेट वास्तुशांतीला. मधल्या त्या आठवड्यांत जा. फ्लॅट घेतला असेल तर गिलाव्याआधी घर दाखवण्याची अट बिल्डरकडून लिहून घ्या. सगळं कुटुंब घेऊन जा, आजी-आजोबांनाही. प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेपने मापं घ्या, कुठली नळी कुठून गेली ते वहीत उतरवा. पुढे भिंतीत एक खिळा ठोकतानाही ती वही लागेल. आणि तिथेच, त्या उघड्या घरात उभं राहून सगळ्यांनी मिळून ठरवा, यातलं काय झाकायचं आणि काय तसंच ठेवायचं. गवंड्याला ते त्याच दिवशी सांगा, कारण दुसऱ्या दिवशी तो गिलाव्याचा माल कालवायला घेतो.